पुनवेचं माप

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी तिची खात्री आहे, आणि आळीतल्या सगळ्यांचीही. पण ही एक राहिली. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. तुम्ही आमच्या खाडीवरचे नाही, एवढंच कारण असेल.

रेवदंड्याच्या खाडीत आमचा एक मचवा होता. शिडाचा. नारळ-सुपारी भरून मुंबईला जायचा, येताना कौलं आणायचा. थोरला भाऊ, आमचा दादा, त्याचा मालक आणि मचवा हाकणारा तांडेलही तोच. गावी आला की मचवा काठाला बांधायचा आणि सुकतीला तो चिखलात कलंडायचा. दर वेळी फळ्या कुरकुरायच्या, दर वेळी दादा शिव्या घालायचा — मला, जणू ओहोटी मीच आणतो. शेवटी ठरलं, खोल पाण्यात कायमचा दगड टाकायचा. दगडाला साखळी, साखळीच्या टोकाला तरंगता बोया. बोया पकडायचा, मचवा बांधायचा, घरी येऊन जेवायचं.

दगड दिला भावोजींनी. आमची आक्का पलीकडे साळावला दिलेली. मध्ये फक्त खाडी. तिच्या अंगणातून आमच्या घराची कौलं दिसायची. भावोजींच्या आवारात चुन्याच्या जुन्या घाणीचं दगडी चाक पडलं होतं. मधल्या भोकातून साखळी आयती ओवता येईल, हेच न्या, म्हणाले.

माझ्याकडे एकच काम होतं. माप घ्यायचं. खाडीला सगळे दिवस सारखं पाणी चढत नाही. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. भांगाच्या भरतीपेक्षा उधाणाची भरती छातीभर तरी जास्त. म्हणून साखळीचं माप उधाणाच्या पाण्यावर घ्यायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दादा म्हणाला, पुनवेला दुपारी होडी घेऊन जा, दोरीला शिसं बांधून सोड, भरतीला पाणी किती ते बघून ये.

ती पुनव मार्गशीर्षातली. चौलला दत्ताची जत्रा. आता तुम्हीच सांगा — नको, तुम्ही काही सांगू नका. मी जत्रेला गेलो. पाळण्यात बसलो, मिठाई खाल्ली, मग मित्राच्या वाडीत आठवडाभर लोळत पडलो. दत्ताच्या पाया पडलो की नाही, तेही आठवत नाही. परत आलो तोवर पाणी भांगाला लागलेलं. सांजेच्या भरतीला गुपचूप दोरी सोडली आणि ते माप दादाला दिलं. पुनवेचं ना? — पुनवेचंच, म्हटलं. खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. माझी नाही अडखळली. दादा मापावर थोडी साखळी सैल धरतोच, भागेल, असा माझा हिशेब.

अमावस्येला सकाळच्या सुकतीला आम्ही ते चाक चिखलात दोन होड्यांच्या मध्ये घेतलं. होड्यांवर आडव्या बल्ल्या टाकल्या आणि चाक त्यांना बांधलं. गाठी भावोजींनी मारल्या, मांडीभर चिखलात उभं राहून. भरती आली तशा होड्या उचलल्या आणि त्यांच्याबरोबर दगडही. ओढत खोल पाण्यात नेला, नारळ फोडला, दोर तोडले. चाक खाली गेलं. भावोजी हसत होते, ते मला अजून दिसतात.

दुपारी पाणी पूर्ण चढलं तेव्हा मचवा बोयाला उभा होता. काठावरची माणसं म्हणाली, काय झकास उभा राहतो, जरासुद्धा फिरत नाही. फिरेल कसा? सैल धरलेली सगळी साखळी पाण्यानं घेतली होती. ती ओळंब्यासारखी सरळ खाली गेलेली मी होडीतून पाहिली. तेव्हा सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. लोहाराकडून तुकडा आणून जोडायचा, संपलं. दादानं चार शिव्या घातल्या असत्या. त्या चार शिव्यांसाठी मी गप्प बसलो.

शिमग्याच्या पुनवेचं उधाण मोठं असतं. धुळवडीला सगळी माणसं रंगात, मचव्यावर कुणी नाही. दुपारी भरतीला वारा सुटला. मचवा प्रत्येक लाटेबरोबर उचलला जायचा आणि साखळीला हिसका बसायचा. असे हिसके खाऊन दगड तळापासून सुटला, आणि मचवा त्याला घेऊन खडकावर गेला. पाणी उतरलं तेव्हा तो मधोमध मोडलेला होता.

दादा सगळ्यांसमोर म्हणाला, भोकाचा दगड, हलका निघाला, ह्यांनी आमच्या गळ्यात मारला. भावोजी चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "माप कुणी घेतलंन?"

"ह्यानं. पुनवेच्या पाण्यावर," दादा म्हणाला.

भावोजी माझ्याकडे वळले. "व्हय ना रे?"

मी म्हटलं, "व्हय."

ते परत दादाकडे वळले. मग म्हणाले, "मग दगडच हलका असंल."

त्या दिवसापासून आक्काचं माहेर तुटलं. दादा दुसऱ्याच्या गलबतावर नोकरीला लागला आणि आक्काला भाऊबीजेला येऊ नकोस म्हणून निरोप गेला. तो निरोप घेऊन तरीवर, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीवर, मीच गेलो होतो. नंतर मी एकटा तिच्याकडे जाऊ शकलो असतो; तरीची होडी दिवसभर सुरूच असायची. दादाला भितो, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे भावोजींच्या पंगतीला बसायला भीत होतो. ते तापानं गेले, तेव्हाही मी तरीपर्यंत जाऊन परत आलो.

दगड मात्र वाया गेला नाही. गावातल्या एका मच्छीमारानं गळ टाकून साखळी शोधली, दगड परत खोल पाण्यात नेला, साखळीला लांब तुकडा जोडला आणि त्याच दगडाला आपला मचवा बांधला. किती पावसाळे झाले, तो जागचा हललेला नाही. दादा ते पाहून म्हणायचा, नशीब एकेकाचं.

गेल्या साली दादा गेला. दहाव्याला आक्का आली. इतक्या वर्षांनी मागच्या पडवीत उभी राहिली, खाडीकडे बघत. केस सगळे पांढरे.

"ह्यांचाच दगड ना त्यो?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग हलका न्हवता म्हणायचा."

पडवीत आम्ही दोघंच होतो. दादा नव्हता, भावोजी नव्हते. कुणाला भ्यायचं होतं? मी म्हटलं, खाडी गाळानं भरलीय आक्का, दगड रुतून बसला असेल आता.

"असंल," ती म्हणाली.

संध्याकाळी मी तिला तरीपर्यंत सोडायला गेलो. फळी ओली होती. चढताना तिनं माझा हात धरला.