आमच्या उकिरड्यातली हुमणी

आमच्या तेलगावात शेणखतात पांढरी अळी दिसली की ती हुमणी, आणि हुमणी म्हटली की तिच्यावर औषध. उसाची मुळं कुरतडणारी हुमणी आहेच वाईट, तिची बाजू मी घेत नाही. पण तिला भावंडं पुष्कळ. त्यांतलं कोण कुठं राहतं याचा बीड जिल्ह्याचा नकाशा करणं, हे माझं काम. अळीच्या शेपटाखाली बारीक केस असतात, ते भिंगातून पाहिले की फरक कळतो. घरी हे सांगून सांगून तोंड दुखलं. माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं, म्हणणं एकच, "लग्नाच्या वयाची पोरगी उकिरडे उकरती. घराला हुमणी लागली." पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणतात. मला फार राग येतो.

यंदा पावसाळा सरत आला होता. नव्या उसाला खत टाकायचं, त्याआधी त्यातली अळी मारायची म्हणून तात्या फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उकिरड्याशी आले. त्याच उकिरड्यात मला जिल्ह्यात दुसरीकडे न मिळालेली अळी सापडली होती. डब्यात नेलेल्या मरून गेल्या होत्या. उरलेल्यांचा भुंगेरा झाल्याशिवाय जात पक्की होणार नव्हती आणि तेलगावचा ठिपका नकाशावर येणार नव्हता. मी जाऊन सरळ उकिरड्यावर बसले.

"ऊठ तिथून. हुमणी हाय ती, खतातून उसात जाती."

"ही न्हाई जात."

"कावून?"

मी पोतं अंथरलं. उसाच्या बुडातून काढलेली हुमणी त्यावर ठेवली. ती पाय ओढत कशीबशी सरकली. शेजारी उकिरड्यातली ठेवली. तिनं आधी अंग आवळलं, मग उताणी झाली आणि पाय वर करून पाठीवरच झपाझप निघाली.

तात्या वाकून बघायला लागले आणि हसले. "लई उलट्या डोक्याची हाय. तुझ्यावाणी."

"व्हय, माझ्यावाणी. कुजलेलं खाती, खत करती, कुणाच्या मुळावर उठत न्हाई. नावं ठेवायची तर आधी नीट बघून ठेवा, तात्या."

तात्यांचं हसू गेलं. ते पंप घेऊन उसाकडे वळले. ते बांध ओलांडेपर्यंत मी जागची हलले नाही.

ते पोतं मी झटकून दाराआड ठेवलंय. पाहुण्यांसमोर पुन्हा मला हुमणी म्हणाले, तर बैठकीत अंथरीन.