ताईंच्या गाण्यातली शेवटची ओळ

माझ्या नवऱ्याने बावीस वर्षांत लिहिलेली गाणी तुम्ही नक्की गुणगुणली असतील. लिहिणारा कोण, हे मात्र तुमच्या गावीही नसेल. नाव झालं गाणाऱ्यांचं. त्याचं काम एवढंच, की गायिकेला तासभर बोलतं करायचं आणि तिच्या मनातलं तिच्याच शब्दांत लिहून द्यायचं. घरी मात्र भाजी कोणती करू विचारलं, तरी साहेब छताकडे बघतात.

मागच्या वर्षी त्याची थोरली बहीण नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली. मारझोड नाही, काही नाही. तीन वर्षं त्या माणसाने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. ओट्याला टेकून ताई बोलत राहिल्या आणि याने सवयीने वही काढली. मला तेव्हाच राग आला होता. "आता मी परत जाणार नाही," हे त्यांचं शेवटचं वाक्यही त्याने टिपून घेतलं.

त्या बोलण्याचं गाणं झालं, शेवटी तेच वाक्य. पण शेवटचा सूर लांब ओढायचा होता आणि 'नाही'तल्या ई-वर गायिकेचा आवाज चिरकायचा. तिला मोकळा 'आ' हवा होता. स्टुडिओच्या जिन्यात उभ्या उभ्या याने ओळ बदलली: "येते तुझ्याच दारा." गाणं तुफान चाललं.

ताई ते दिवसभर ऐकायच्या. महिन्याभराने त्यांनी बॅग भरायला घेतली.

"तू बरोबर ओळखलंस," त्या भावाला म्हणाल्या. "शेवटचं तर मलाही ठाऊक नव्हतं."

याचा चेहरा उतरला. "ताई, ती ओळ मी आ-कारासाठी बदलली गं. तिला 'नाही' जमेना."

बॅगेची चेन अर्ध्यावर थांबली. "म्हणजे जाऊ नको?"

"तसंही नाही."

"मग तुला काय वाटतं? तुझं सांग."

त्याने छताकडे बघितलं. बोल रे बाबा, एकदा तरी, असं मी मनात म्हणत होते. शेवटी म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर."

ताईंनी चेन ओढली. "तूही गप्पच बसणार असशील, तर माझं घर काय वाईट?"

गाडी कोपऱ्यावर वळली तरी तो फाटकाशी उभा होता. त्याची कीव करावी की दोन शब्द सुनावावेत, ते मला ठरेना. मग तो माझ्याकडे वळला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मला काय वाटत होतं गं?"