डाव्या स्पीकरची फळी

"मग कारण सांग ना! चार दिवस नुसतं नको-नको लावलंयस!" आउलिसने टेबलावर मूठ आदळली. साखरेचं भांडं उडालं, जमिनीवर पडलं आणि फुटलं.

"ओरडू नकोस," इर्या म्हणाली. "बहिरा तू आहेस, मी नाही."

"हो, झालो बहिरा! जन्मभर कागदाच्या गिरणीत त्या यंत्राशेजारी उभा राहिलो म्हणून झालो. आता म्हातारपणी दोन गाणी मोठ्यानं ऐकावीशी वाटली, तर बायकोच्या पोटात दुखतंय. आणि परक्याचे का आहेत ते स्पीकर? तुझ्या बापाचे आहेत! तुझ्या भावानं मातीमोलानं विकले, मी घरी परत आणतोय. दुसरी कुणी असती तर गळ्यात पडली असती माझ्या."

"मग दुसरी शोध. थंडर बेमध्ये विधवा पुष्कळ आहेत."

तळघराच्या जिन्यावर त्यांचा मुलगा यारी कॉफीचा मग घेऊन उभा होता. घटस्फोट झाल्यापासून तो खालीच राहत होता आणि आईबापांचं भांडण शेजारच्या घरातलं असावं तसं ऐकायचा. "आई, लोक जीव टाकतात अशा जुन्या जोडीवर," तो म्हणाला. "फक्त एक आहे. ती मूळची राहिलेली नाही. जुने स्पीकर दुरुस्त करून विकणाऱ्या त्या वेइको म्हाताऱ्यानं तिच्यात बरेच बदल केलेत. जाणकार लोक बदललेल्या मालाला हात लावत नाहीत."

"जाणकार गेले खड्ड्यात! सुधारलेत त्यानं!" आउलिस म्हणाला.

इर्या साखर भरत होती. तिचा हात थांबला. "काय बदललंय?"

"ते तुला कळून काय करायचंय? मी उद्या जाऊन घेऊन येणार."

"माझ्या घरात मला विचारल्याशिवाय—"

वाक्य तोंडातच राहिलं. आउलिसने तिचा दंड धरला होता. नुसता धरला नाही, आवळला, आणि तिला मागे ढकललं. तिची पाठ फ्रिजवर आदळली. फ्रिजवर चिकटवलेली नातवंडांची चित्रं खाली गळली. मग आउलिसने हात सोडला, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघ, काय करायला लावतेस तू मला."

तो बैठकीत गेला आणि त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

दंडावर चार बोटांचे वळ उठत होते, पण इर्याचं लक्ष तिकडे नव्हतं. ते वाक्य तिने यापूर्वी ऐकलेलं होतं. दुसऱ्या माणसाच्या तोंडून, दुसऱ्या स्वयंपाकघरात. आणि त्या वाक्यानंतरचा वाढलेला आवाजही.

कॅनडातल्या या गावात फिनलंडहून आलेल्यांची मोठी वस्ती होती, आणि इर्या बे स्ट्रीटवरच्या त्यांच्या खाणावळीत धिरडी करायची. फिनिश धिरडी, ताटाएवढी, कडेने कुरकुरीत. इतकी वर्षं तव्यासमोर उभी राहून तिचे हात लाकूडतोड्यासारखे झाले होते. नवरा तिने एकाच गोष्टीवर निवडला होता. वस्तीच्या हॉलमधल्या नाचाला हा उंच, खांदे पाडलेला पोरगा रात्रभर तिच्याबरोबर नाचला आणि "पाय दुखतायत का?" एवढंच बोलला. शांत माणूस मिळाला म्हणून ती घरी जाऊन रडली होती. आणि खरंच, तो शांतच निघाला. पण कामावरून निवृत्त झाला आणि त्याच्या आतलं काहीतरी सैल झालं. आधी कान गेले, मग दुपारची बीअर आली, मग आवाज चढला. कपाटाचं दार फुटलं, दोन कप फुटले. वस्तू फुटतायत तोवर ठीक आहे, असं इर्या स्वतःला समजावत होती. आज फ्रिजवर पाठ आदळल्यावर ते समजावणं संपलं.

तिचा बाप तोइवो जंगलात लाकूडतोडीला जायचा. एका हिवाळ्याची सगळी मजुरी घालून त्याने ते स्पीकर आणले होते. बैठकीच्या दोन बाजूंना दोन कपाटं उभी केल्यासारखे दिसायचे. शनिवारी तो कॅम्पवरून यायचा, आधी सौनाच्या वाफेत बसायचा, मग बाटली उघडायचा, मग टँगोची तबकडी लावायचा. पण आवाज वाढवायचा तो नाही. आवाज वाढवायची आई. हेल्मी. नवऱ्याचे डोळे बदलले की ती आपल्या हाताने जाऊन ती काळी कळ पार शेवटापर्यंत फिरवायची. घरातलं घाणेरडं पाणी अंगणाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा तिचा कायदा. गल्ली म्हणायची, तोइवोच्या घरी शनिवारी काय मजा असते! आत तोइवो पट्ट्याने मारायचा, बुटाने मारायचा, एकदा केसाला धरून त्याने तिचं डोकं चुलीच्या लोखंडी कडेवर आपटलं होतं. ओरडली तरी टँगोच्या वर आवाज जायचा नाही. आवाज चढला की इर्याचं काम ठरलेलं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या गोळा करायच्या, ॲप्रनमध्ये गुंडाळायच्या, धाकट्या भावाला, ऑस्मोला घेऊन पलंगाखाली शिरायचं आणि सुऱ्या छातीशी धरून पडून राहायचं.

एका शनिवारी तोइवोने हेल्मीचा उजवा हात दारात घालून दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज इर्याला टँगोतूनही ऐकू आला. हेल्मी ओरडली नाही. मागच्या दाराने बाहेर गेली. सौनाची लाकडं फोडायची कुऱ्हाड तिने डाव्या हातात घेतली आणि परत आली. पलंगाखालून इर्याला फक्त आईचे पाय दिसत होते. ती नवऱ्याकडे गेलीच नाही. डाव्या स्पीकरसमोर उभी राहिली आणि कुऱ्हाड घातली. फळी फुटली, आतला, आवाज काढणारा कागदी पडदा टराटरा फाटला. मग तिने उजव्या स्पीकरची वायर उपटली. घरात कधी नव्हती तेवढी शांतता झाली. त्या शांततेत हेल्मी म्हणाली, "आता मार. ऐकू दे गल्लीला."

दारावर थाप पडली. शेजारची पेल्टोबाई हातात राय धान्याचा पाव घेऊन उभी होती. तोइवोने तिच्याकडे पाहिलं, बायकोच्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

पुढे त्याने फाटका कागद मासे पकडायच्या दोऱ्याने शिवला. स्पीकर घरघरत का होईना, वाजायला लागला. पण फळी त्याने बदलली नाही, आणि हेल्मीने बदलू दिली नसती. समोरच्या फळीवर वितभर उभा घाव, त्याच्या दोन्ही कडा उघड्या. मरेपर्यंत तोइवो त्या घावासमोर खुर्ची टाकून बसला. दारूच्या गुत्त्यात त्याने पुष्कळांचे दात पाडले. घरात मात्र पुन्हा हात उचलला नाही.

यातलं अक्षरही इर्याने आउलिसला कधी सांगितलं नव्हतं. आईचा कायदा तीही पाळत आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "चल. बघून येऊ." आउलिसला वाटलं, आपण जिंकलो. ट्रक चालवताना तो शीळ घालत होता. इर्याने उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घातला होता.

वेइको म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये स्पीकर उभे होते. वर अक्रोडाच्या लाकडाचा नवा पातळ थर, त्याला आरशासारखी चकाकी, पुढे बदामी रंगाचं नवं कापड.

"ओळखलेस का, पोरी?" वेइको हात चोळत म्हणाला. "दोन हिवाळे घालवलेत मी यांच्यावर. आतलं सर्किट नवं, वरचे भोंगे नवे, खालचे, जाड आवाजाचे वूफर नवे. डाव्याची तर वाट लागलेली होती. सामान हलवणाऱ्यांनी पाडला असेल. पुढची फळीच नवी कापली मी. शोधून दाखव, ओरखडा नाही कुठं!"

इर्याने डाव्या स्पीकरवरून हात फिरवला. गुळगुळीत. आईचा जणू मागमूसच पुसून टाकला होता.

वेइकोने कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव मांडला आणि तबकडी लावली. टँगोच होता. आउलिस दोन स्पीकरांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, डोळे मिटले. "अजून वाढव," तो म्हणाला. वेइकोने वाढवला. "अजून!" गॅरेजचा पत्रा थरथरायला लागला. आउलिसच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद पसरला.

तबकडी संपली तेव्हा वेइको टेबलावर काहीतरी शोधत होता. "पावाची सुरी कुठं गेली? आत्ता इथंच होती."

सुरी इर्याच्या छातीशी होती, दोन्ही हातांत घट्ट धरलेली. कधी उचलली ते तिला कळलंही नव्हतं. तिने ती टेबलावर ठेवली.

"थंडी वाजतेय तुला?" आउलिसने विचारलं.

"तू ट्रकमध्ये जाऊन बस. मी वेइकोशी बोलते. खात्यातून रक्कम मीच काढणार आहे ना?"

तो कुरकुरत गेला. इर्या म्हाताऱ्याकडे वळली. "जुनी फळी जाळलीत ना?"

"जाळली?" वेइकोला अपमान झाल्यासारखं वाटलं. "या धंद्यात जुनं कुणी टाकत नाही, पोरी! काहीही बदला, पण मूळ भाग जपून ठेवायचे आणि घेणाऱ्याच्या हवाली करायचे. नाहीतर घेणारा समजतो, हा चोर आहे." त्याने मांडणीवरून एक मोठं खोकं ओढून खाली काढलं.

वर्तमानपत्रं बाजूला केली. मासे पकडायच्या दोऱ्याने शिवलेला कागद. आणि त्याखाली फळी. घाव तसाच होता, उभा, आता कडा काळ्या पडलेल्या. इर्याने त्यात बोट घातलं. पेरापर्यंत आत गेलं. आईने डाव्या हाताने, मोडलेला उजवा हात लोंबत असताना, हे केलं होतं.

"हे पुन्हा बसवून द्याल?" तिने विचारलं.

"काय?"

"डाव्याला. ही फळी, हा कागद. तुमचं नवं काम काढून टाका."

"वेड लागलंय तुला? तो घरघरेल! दोन हिवाळे, पोरी! चांगला केलेला माल पैसे देऊन बिघडवून घेणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही."

इर्याने सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली. वळ आता निळे झाले होते. चार बोटं, एक अंगठा. म्हाताऱ्याने त्या दंडाकडे पाहिलं, मग फळीवरच्या घावाकडे. तो वळून स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागला.

संध्याकाळी इर्याने सामन माशाचं सूप वाढलं. आउलिसने चमचा उचललाही नाही. "काय ते एकदा सांग. घेतले की नाही?"

यारीने मान वर केली.

"घेतले," इर्या म्हणाली. "शनिवारी येतील. डाव्याला जुनी फळी बसवून घेतलीये, फुटकी."

"फुटकी?" आउलिसची खुर्ची मागे सरकली. "डोकं फिरलंय का तुझं? नवीन फळी काढून—"

"माझ्या बापानं माझ्या आईचा हात दारात घालून मोडला होता. त्या दिवशी तिनं मारलेला कुऱ्हाडीचा घाव आहे तो." तिने बाही वर केली आणि दंड टेबलावर, दिव्याखाली ठेवला. "इतकी वर्षं तुला सांगितलं नाही. आता सांगितलं."

आउलिसने दंडाकडे पाहिलं आणि नजर वळवली. यारी बापाकडे बघत होता, बापाला त्याच्याकडेही बघता येईना.

"स्पीकर बैठकीत तुझ्या खुर्चीसमोर ठेवायचा," इर्या म्हणाली. "पुढे कापड लावायचं नाही. आणि या घरात आवाज मी सांगेन तेवढाच."