एका चोरीचे दोन चोर

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. मांजरसुंब्याजवळच्या ठाण्यात मी तेव्हा अधिकारी होतो. एका बागायतदाराची नुकतीच विकत घेतलेली बैलजोडी मळ्यातून चोरीला गेल्याची फिर्याद आली. दुपारी खबऱ्याचा फोन आला. ज्या ऊसतोड्याने जोडी विकली, त्याच्याच मेहुण्याच्या वस्तीवर बैल बांधलेले होते.

ऊसतोड्याला आणलं. यंदा तो ऊसतोडीला बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरच्या टोळीत जाणार होता, म्हणून बैल विकले होते. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "मीच नेले साहेब. लिवून घ्या."

"दावं कापलं की सोडलं?"

"कापलं." मग जरा थांबून, "न्हाई, सोडलं."

तेवढ्यात त्याची बायको आली. "त्यांला सोडा साहेब. बैल म्या आणलेत."

एरवी एक चोर सापडताना नाकी नऊ येतात. इथे एका चोरीला दोन चोर, आणि बैल कसे नेले ते एकालाही धड सांगता येईना. तिकडे वरिष्ठांचा फोन, "शाबास, दिवसात छडा लावलात!" शाबासकी मलाही हवीच होती. पण कागदावर लिहू काय? डोकं चालेना झालं की मी घटनास्थळी परत जातो. सकाळचा पंचनामा हवालदाराने उरकला होता.

पंच घेऊन नव्याने सुरुवात केली. दावं सोडा, खुंटाही जागेवर नव्हता. नवं जनावर जुन्या घराची वाट धरतं, म्हणून पहिले काही दिवस गोठ्यात आत बांधायचं, हे इथे कुणालाही कळतं. पण बागायतदाराच्या गड्याने दोन्ही बैलांना उघड्यावर, ओल्या मातीत एकाच खुंट्याला बांधलं होतं. खुंटा ओढत गेल्याचा ओरखडा आणि खुरांचे ठसे होते, माणसाचं पाऊल मात्र कुठेच नाही. पंच कुरकुरत होते, तरी गाडीवाटेने माग काढत गेलो. तो थेट ऊसतोड्याच्या दारात संपला.

पहाटे दारात बैल बघून बायकोला वाटलं, नवऱ्याने चोरून आणले. तिने ते भावाकडे लपवले. बैल मेहुण्याकडे सापडल्याचं कळल्यावर नवऱ्याला वाटलं, हिनेच आणले. दोघंही एकमेकांना वाचवत होती.

गुन्हा गैरसमजुतीतून दाखल झाल्याचा अहवाल मी पाठवला. वरिष्ठ चिडले. बागायतदार म्हणाला, चोर सोडला. निदान ही दोघं तरी सुखावतील असं वाटलं होतं. पण जोडी परत पोचवायला नवरा निघाला, तेव्हा बाई मला म्हणाली, "इकले तवा एकदा रडले साहेब. आता पुन्यांदा काहून रडायला लावलं?"

माझ्यामुळे कुणाचं भलं झालं, हे मला कधी नीट कळलेलं नाही. त्या संध्याकाळी मी माझा पंचनामा पुन्हा वाचला. त्यातला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.