शून्यकाकांचे दहा गुण

शून्यकाकांना नवा माणूस भेटला की पहिली पाच मिनिटं ते त्याला मनातल्या मनात गुण देत आणि सहाव्या मिनिटाला मोठ्यांदा सांगून टाकत. "दहापैकी चार. त्यातला एक शर्टाचा." हे समोरच्याच्या तोंडावर, त्यालाच चहा पाजता पाजता. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला साडेतीन मिळाले. त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकाच्या वडिलांचं तेरावं होतं. तिथून जेवून परत येताना काका जिन्यातच म्हणाले, "मठ्ठा सात, माणूस पाच." आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

इंदूरमधलं आमचं ऑफिस तहसिलींची क्रमवारी लावायचं. कुठल्या भागात नवं तंत्र काढायची किती ताकद आहे ते मोजायचं: कॉलेजं किती, प्रयोगशाळा किती, पेटंटं किती, नवी यंत्रं बनवणारे किती. सगळ्याची बेरीज म्हणजे इंडेक्स, आणि काका त्या इंडेक्सचे मालक. आडनाव चांगलं भारदस्त होतं, पणजोबा संस्थानी कारभारात होते म्हणे, पण ते कुणाला आठवत नसे. त्यांचा एकच कायदा सगळ्यांना पाठ होता: रिकामा रकाना म्हणजे शून्य. "साहेब, माहिती अजून आली नाहीये," असं कुणी म्हणालं की ते चष्म्यावरून बघत. "आली नाही म्हणजे नाही. लिहा शून्य." त्यावरून नाव पडलं, आणि ते त्यांना आवडायचं.

शिकवत मात्र असे, की बोलायचं काम नाही. कुठल्या आकड्याला किती वजन द्यायचं हे त्यांनी मला सकाळच्या पोह्यांच्या ठेल्यावर शिकवलं. "शेव काढून टाक. अजून पोहेच आहेत ना? मग शेवेचं वजन कमी. आता वरचा जिरावण मसाला काढ. खाऊन दाखव बरं!" माझं तोंड बघून ते लहान पोरासारखे खूश झाले. जे काढल्यावर सगळं बेचव होतं त्याला वजन जास्त, हे मी आजही नव्या मुलींना असंच शिकवते. त्या दिवशी माझे साडेतीनचे पाच झाले. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मेला कोण लागून गेला गुण देणारा?" मी आईवरच चिडले.

मग देपालपूरचा सर्व्हे माझ्याकडे आला. तिथे बसस्टँडमागे वेल्डिंगची अकरा दुकानं. त्यातल्या बन्सीलालजींनी लसूण लावायचं यंत्र बनवलं होतं. सायकलची चेन, तिच्यावर ओळीने ठोकलेले स्टीलचे चमचे, एकेक चमचा एकेक पाकळी उचलून सरीत टाकायचा. मी स्वतः शेतात ढकलून पाहिलं. वाकून वाकून कंबर मोडणारं काम उभ्याने होत होतं. बाकीच्या दहा दुकानांनी ते बघून तस्संच बनवलं होतं, आणि तिथे सगळे त्याला 'बन्सीवाली' म्हणायचे. फॉर्मवर मी दहापैकी आठ लिहिले. पुढचा रकाना होता, बनवणाऱ्याचं नाव.

बन्सीलालजींनी माझा पेन धरला. "बाईजी, अकेले मेरा नाम मत डालो. बाकी दसों को बुरा लगेगा. ये तो सबकी है."

मी रकाना रिकामा सोडला. कायदा पाठ होता, तरी सोडला. वाटलं, काकांना समजावून सांगू.

त्या वर्षी पहिल्या तीन तहसिलींना लेथ आणि लोखंड कडक करायची भट्टी असलेलं केंद्र मिळणार होतं. बन्सीलालजींच्या यंत्रात चेन फिरवणाऱ्या चाकाचे दात दर हंगामाला झिजायचे, कारण त्यांना पाणी देऊन कडक करायला देपालपुरात भट्टीच नव्हती. भट्टी आली तर पीथमपूरच्या कारखान्यात गेलेला मुलगा परत येऊन दुकान सांभाळणार, असं बापलेकात ठरलं होतं. आठ गुण टिकले असते तर देपालपूर तिसरं येत होतं. मी बेरीज तीनदा केली होती.

काकांनी आठवर बोट ठेवलं. "नाव?" मी समजवायला लागले. "मुदत आहे परवापर्यंत," ते म्हणाले, "नाव आण." मी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी बन्सीलालजी स्वतः आले. धुतलेला सदरा आणि हातात कागद. त्यावर बाकीच्या दहाही दुकानदारांच्या सह्या: मशीन पहिल्यांदा बन्सीलालनेच बनवली, आमची काही हरकत नाही.

काकांनी कागद नीट वाचला. त्यांना चहा मागवला. मग म्हणाले, "यानी बाकी दसने चुराई. चोरी का कॉलम नहीं है हमारे यहाँ."

"चुराई नहीं साब, मैंने सिखाई."

"पेटंट?"

"नहीं साब."

"बेटा क्या करता है?"

"पीथमपूर में, फॅक्टरी में."

"तो घर में एक तो समझदार निकला." मग माझ्याकडे वळून मराठीत, "पेटंट नाही म्हणजे यंत्रच नाही. आठ खोड. शून्य लिही. यांच्यासमोर लिही."

बन्सीलालजी माझ्याकडे बघत राहिले. "बाईजी, आपने तो चला के देखी थी ना?"

मी आठ खोडला. शून्य लिहिलं. गोल, नीट, काकांना आवडतं तसं. बन्सीलालजींनी चहा तसाच ठेवला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि जाताना मला राम-राम केला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

केंद्र दुसऱ्या तहसिलीला गेलं. तिथे कॉलेज होतं. पुढच्या वर्षी मी देपालपूरला गेले तेव्हा त्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकत होती. शेजारचा म्हणाला, बन्सीलाल मुलाकडे गेले, तिथे नुसते बसून असतात. मी फॉर्मवर अकराच्या जागी दहा दुकानं लिहिली. देपालपूर दोन नंबर आणखी खाली घसरलं. काका खूश! "बघ, इंडेक्स खरा निघाला की नाही?"

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात घालून त्यांनी प्रत्येकाला शेवटचे गुण वाटले. शिपायाला सहा. मोठ्या साहेबांना चार, साहेब हसले. माझ्यापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "हिला दहा. अख्ख्या नोकरीत कुणाला दिले नाहीत. त्या देपालपूरवाल्यासमोर शून्य लिहिताना हिचा हात हलला नव्हता."

टाळ्या वाजल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आज त्यांच्या खुर्चीवर मी बसते, आणि लाज वाटते तरी सांगून टाकते: त्या क्षणी मला फार आनंद झाला होता. घरी जाऊन आईला पहिली हीच बातमी सांगितली.