रेघेबाहेर एक बोट

सगळी गल्ली तिला कात्रीआत्या म्हणायची, आणि मागून नाही, अगदी तोंडावर म्हणायची. तीस वर्षं तिनं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतलं. हजारो पोरांना शाळेत जाण्याजोगं केलं, आणि स्वतः मात्र चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा काम सोडून ती भाच्याच्या घरी राहायला आली. भाचा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. भाचेसून इस्पितळात पाळीवर. त्यांची साडेचार वर्षांची ठकू दिवसभर आत्याच्या पायात.

"माझी सावलीच आहे ही," आत्या म्हणायची. "फरक इतकाच, की सावली बडबड करत नाही."

या ठकूला शाळेत दाखवायला नेलं आणि तिथल्या बाईंनी नन्नाचा पाढा लावला. खडू मुठीत धरते, मुसळ धरल्यासारखा. लाल दाखव म्हटलं तर निळं दाखवते. हात अजून तयार नाही हो, बाई म्हणाल्या. तीन महिन्यांनी परत आणा, तेव्हाही नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू.

घरी येऊन भाच्यानं ठरवूनच टाकलं. जवळची बालवाडी बंद पडलेली, पण ठकूच्या मावशीच्या शहरात चांगली होती. बाईंनी दुसऱ्यांदा नाही म्हटलं, तर वर्षभर पोरीला मावशीकडे ठेवायचं.

"वर्ष काय, असं जाईल," त्यानं चुटकी वाजवली.

रडणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. चिडणं होतं.

"तीन महिने आहेत ना? मी तयार करते तिला. इथंच, घरात."

"आत्या, तू चौथी पास! आणि म्हणे घरात शिकवलं तर, शाळेनं घेतलं तर. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यातली गत."

"मिशा नाहीत, पण हात आहेत मला," आत्या म्हणाली. "तू जा, ट्रक चालव."

आता ही बाई पाटी-पुस्तक घेऊन बसेल असं वाटलं असेल तुम्हाला, तर विसरा. तिनं कपाटातून बटणांचा डबा काढला. तीस वर्षांची जोडी हरवलेली बटणं, शेरभर तरी असतील. "दोन डोळ्यांची या वाटीत, चार डोळ्यांची त्या वाटीत. आणि तोंडात एकही नाही." आठवडाभरानं डोळे झाले, मग रंग, मग लहानमोठी. लाल म्हटल्यावर निळ्याकडे गेलेला हात लालकडे वळायला लागला. मोजणी कधी सुरू झाली ते ठकूलाही कळलं नाही.

बोटांत जोर यावा म्हणून आत्यानं दोन खुर्च्यांमध्ये दोरी बांधली. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायच्या आणि चिमटे लावून वाळत टाकायच्या, हे काम ठकूचं. पुठ्ठ्याचा मासा कापून त्याला काठानं भोकं पाडली आणि बुटाची नाडी दिली, ओव म्हणून. कणकेत मीठ घालून गोळा मळला. ठकूनं त्याचे साप केले, सापांची अक्षरं केली. एका अक्षराची शेपटी लांब झाली ती खाऊन टाकली आणि खारट म्हणून तासभर तोंड वेडंवाकडं करत फिरली.

पेन्सिल मात्र आत्यानं दिलीच नाही. शिंप्याचा चपटा खडू दिला. तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. महिन्याभरात सगळी फरशी रेघोट्यांनी भरली.

भाचेसून पाळीवरून आली आणि दारातच थबकली. "आत्या, हे घर आहे की फळा?"

"फळा. पाय पुसून ये."

राहिली कात्री. आत्याची मोठी कात्री खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असा कायदा होता. कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धारेचं वाटोळं. ठकूला बोथट टोकाची छोटी मिळाली, आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. "अंगठा वर. कात्री सरळ चालू दे, कागद फिरव. आणि रेघेवर कधी कापायचं नाही. बाहेर एक बोट सोडायचं. नाहीतर शिवणार कुठे?" तीन महिन्यांत ठकूनं बाहुलीचे साठ तरी कागदी झगे कापले. सगळे एक बोट सोडून. इथंच घोडं पेंड खाणार होतं, पण आत्याच्या ते ध्यानीमनीही नव्हतं.

ठरलेल्या दिवशी आत्या वर्गात मागं, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे सांभाळत बसली. मध्ये बोलायचं नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. ठकूनं रंग सांगितले. मणी मोजून दिले. पेन्सिल चिमटीत धरली, तेव्हा बाईंच्या भुवया वर गेल्या आणि आत्या मनात म्हणाली, बघा, बघा नीट. मग बाईंनी एक कागद पुढं केला. त्यावर मोठं गोल छापलेलं.

"एवढं गोल कापून दे हं मला."

आत्या सैलावली. कापायचं म्हणजे घरचंच कार्य की! ठकूनं कागद फिरवत फिरवत गोल कापलं आणि बाईंच्या हातात ठेवलं.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "रेघ सुटली की गं सगळीकडे."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेत रेघेवर कापतात! साधी गोष्ट, आणि आपण तीन महिने पोरीला उलटं शिकवलं. तिच्या डोळ्यांपुढं ठकूची भरलेली पिशवी आली, मावशीकडे निघालेली. ती ताडकन उठली. "बाई, चूक तिची नाही, माझी—"

"आजी, तुम्ही बसा बरं."

"सुटली नाही काही," ठकू मध्येच म्हणाली. "मी सोडलीय. एक बोट. नाहीतर शिवणार कुठे?"

बाईंनी गोल पुन्हा उचललं. काठाला स्वतःचं बोट लावून पाहिलं, मग फूटपट्टी काढली आणि चारी बाजूंनी लावली. सगळीकडे सारखंच. केसभर इकडे तिकडे नाही.

"आणि रेघेवरच काप म्हटलं तर?"

"म्हणजे शिवायचं नाही?"

"नाही. नुसतं चिकटवायचंय."

"मग आधी सांगायचं ना!" ठकूनं गोल घेतलं, जीभ दातांत धरली आणि कात्री रेघेवर चालवली. कडेची पट्टी एका तुकड्यात खाली पडली.

बाई हसल्या. "आजी, कुठल्या बालवाडीत घातलं होतं हिला?"

ठकूनं बोटानं आत्याकडे दाखवलं. आत्याला स्वर्ग दोन बोटं उरला. एवढ्या वर्षांत तिच्या कापण्याचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि आज झालं ते तिच्या हातच्या कामाचं नव्हतं, म्हणून तर जास्तच अभिमान.

"घेतलं तिला," बाई म्हणाल्या. "आणि तो चपटा खडू कुठं मिळतो ते सांगून जा. माझी निम्मी पोरं खडू मुठीत धरतात."

भाच्याचा वाटेतून फोन आला. "काय झालं गं? फुटल्या का मिशा?"

"फुटल्या. आजपासून काका म्हण मला."

त्याच दुपारी तिनं गणवेशाचं कापड फरशीवर अंथरलं आणि खिळ्यावरची मोठी कात्री उतरवली. ठकूचा हात आपल्या हाताखाली घेऊन तो कात्रीवर ठेवला. ठकूनं श्वास रोखला.

"रेघेवर?"

"मुळीच नाही. खाली चार बोटं सोड."

"एवढं?"

"वाढत्या अंगाचं आहे. उंच झालीस की मी उसवून खाली घेणार. इथंच बसून."

ठकूनं चार बोटं मोजली. मग शेजारी आणखी एक टेकवलं.

"हे पाचवं कशाला गं?"

"त्याच्या पुढच्या वर्षीचं," ठकू म्हणाली.