धाविकाची दोन अंडी

आमच्या नांदेडच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात भोकरचे एक शिंपी होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मागच्या महिन्यात ते गेले. दुर्बीण त्यांनी कधी घेतलीच नाही. डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि आम्हाला दटावायचे, "थांबा, त्याला बोलू द्या की."

एकदा एप्रिलच्या उन्हात, उघड्या माळावर मला धाविक पक्ष्याची दोन अंडी दिसली. मादी मला पाहून उठली होती. मी कॅमेरा लावून बसलो, तर मामा पुढ्यात येऊन उभे राहिले.

"उठा सर. तुम्ही हाय तवर माय येत न्हाई. अंडी उकडून राहिली."

"दोन मिनिटं, मामा."

"न्हाई."

मी चिडलो. "तुम्ही कपडे शिवा, पक्षी आम्हाला कळतात," असं सगळ्यांदेखत बोललो. ते हलले नाहीत. शेवटी मीच उठलो.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "पिल्लं पळून राहिलीत सर. कॅमेरा घेऊन या."

रोज सकाळी ते लांबूनच बघून येत होते. माळावर मी माफी मागायला तोंड उघडलं.

"हळू," ते कुजबुजले, "बिचकतील."

ती माफी तशीच राहिली.